मिसबाईंच्या पडवीतली दुभाषी

मी मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. एकोणीसशे वीस ते तीसमधली वर्षं. माझे वडील रत्नागिरीच्या मांडवीचे, पडावावर म्हणजे माल नेणाऱ्या शिडाच्या होडीवर तांडेल, खलाशांचे म्होरके. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा त्यांना तोंडपाठ होता, पण अक्षर एकही वाचता येत नव्हतं. बहुधा म्हणूनच त्यांनी हट्टाने मला मुंबईला मामाकडे ठेवलं आणि चार इंग्रजी यत्ता शिकवल्या. लग्न झालं ते गोदीतल्या कारकुनाशी. मुंबईतली त्याची खोली गावच्या पाचसहा पुरुषांत मिळून होती, तिथे बायकोला जागा कुठली? मी रत्नागिरीतच राहिले आणि शाळेत लागले.

गावात एक बायकांचा दवाखाना होता. तो परदेशातून आलेल्या मिशनच्या एक बाई चालवत. त्या शिकलेल्या नर्स होत्या, पण गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे आणि आम्ही शाळेतल्या बायका मिसबाई म्हणत असू. उंच, हाडकुळ्या, उन्हाने नाक कायमचं लाल झालेलं. त्यांनी मराठी घाटावर कुणा शास्त्रीबुवांकडून शिकून घेतलं होतं आणि ते इतकं शुद्ध होतं की रत्नागिरीत कुणालाच कळत नव्हतं. तापाने फणफणलेल्या बाईला त्या म्हणत, "कृपा करून आपली जिव्हा दर्शवावी." ती बिचारी देवाचं काहीतरी चाललंय समजून हात जोडी. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला विचारलं, की तुला इंग्रजी येतं तर त्यांना जरा बोलायचं मराठी शिकव. मी शाळा सुटल्यावर जाऊ लागले.

शिकवणी दवाखान्याच्या पडवीत होई. जांभ्या चिऱ्यांची लांबलचक पडवी, पुढे अंगण, अंगणात उंडीचं झाड. मिसबाई शिकायला कष्टाळू होत्या. "जीभ दाखव", "कुठे दुखतं?", "किती दिवस झाले?" अशी वाक्यं त्या भांडी घासतानाही घोकत. चूक झाली की हसत नसत, कपाळाला आठी घालून तेच वाक्य पुन्हा म्हणत.

आठवड्यातून एकदा औषधाचा मोठा वार असे. मिऱ्या, शिरगाव, मिरकरवाडा इथून बायका येत, वरच्या गावांतून बैलगाडीत घालून बाळंतिणी आणत. त्या सगळ्या पडवीत बसल्या की औषधं वाटण्याआधी मिसबाई थोडा वेळ त्यांच्या धर्मातलं काही सांगत. त्या इंग्रजीत बोलत आणि एक ख्रिस्ती गृहस्थ त्याचं मराठी करून सांगत. त्या गृहस्थांची बदली झाली, आणि मिसबाईंनी मला विचारलं, तुम्ही सांगाल का?

मी लगेच हो म्हटलं नाही. त्या वर्षांत गावात धर्मांतर आणि शुद्धी हे शब्द रोज कानावर पडत. मी घरी देवापुढे दिवा लावणारी, मंगळवारी भगवतीला जाणारी. दुसऱ्याच्या देवाबद्दल आपल्या तोंडाने काय नि कसं सांगायचं? पण खरं सांगायचं तर मला त्या कामाची ओढ वाटत होती. एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत पोचतं कसं, हे मला शाळेत शिकवताना कधी अनुभवायला मिळालं नव्हतं.

मी मिसबाईंना माझं म्हणणं सांगितलं. तुम्ही जे बोलाल ते मी तसंच सांगेन, त्यात माझं घालणार नाही आणि तुमचं गाळणार नाही. कुणी मला विचारलं की हे तू मानतेस का, तर नाही म्हणेन. आणि बायका जे बोलतील तेही मी तुम्हाला तसंच सांगेन.

त्या म्हणाल्या, पहिल्या दोन गोष्टी मला हव्याच आहेत. तिसरीची वेळ येणार नाही, कारण त्या कधी काही बोलतच नाहीत.

काम वाटलं त्याहून अवघड निघालं. पहिल्याच दिवशी कोकराची गोष्ट आली. त्यांच्या धर्मपुस्तकात येशूला देवाचा कोकरा म्हटलेलं होतं. पण आमच्याकडे मेंढरं कुणी पाळत नाही, निम्म्या बायकांनी कोकरू बघितलेलंसुद्धा नव्हतं. करडू म्हणावं तर ते त्यांना ओळखीचं, पण मग ते जत्रेतल्या बोकडाकडे जातं आणि अर्थ भलतीकडे वळतो. मी मिसबाईंना विचारलं, तुम्हाला त्यात काय सांगायचं आहे? गरीबपणा की बळी? त्या म्हणाल्या, असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचार करून त्यांनी सांगितलं, दोन्ही. मग मी कोकरूच म्हणायचं ठरवलं आणि आधी कोकरू म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगायचं, असा मार्ग काढला.

त्याहून मोठा घोळ पापाचा झाला. त्या म्हणत, आपण सगळे पापी आहोत. मी ते तसंच सांगितलं, तर एक कुळवाडी बाई मान वळवून शेजारणीला म्हणाली, हिचं मी काय घोडं मारलंय? आमच्या बोलण्यात पापी ही शिवी आहे. मिसबाईंना मी ते सांगितलं. मग त्यावर आमची बरीच चर्चा झाली. मी सुचवलं, आपल्या सगळ्यांच्या हातून चुकतं असं म्हणू. त्या म्हणाल्या, ते फार हलकं होतं, चूक म्हणजे भातात मीठ जास्त पडणं, मला त्याहून जड काहीतरी म्हणायचं आहे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. लोकांना आवडावं म्हणून शब्द हलका करणं हे माझं काम नव्हतं. शेवटी "आपल्या सगळ्यांच्या हातून पाप घडतं" यावर आम्ही आलो. माणसाला शिवी नाही आणि गोष्टही तेवढीच जड राहते. पुढच्या वारी ते वाक्य सांगितलं तेव्हा त्याच कुळवाडी बाईने मान डोलावली. तिने मानलं असं नाही, पण तिला कळलं होतं.

याच पडवीत मला नाखवीण भेटली. मिरकरवाड्यातली मुसलमान म्हातारी. तिचा नवरा नाखवा होता, स्वतःच्या गलबताचा मालक, आणि माझ्या वडिलांनी तरुणपणी त्याच्या गलबतावर काम केलेलं होतं. ती सुनेला घेऊन येई. सून पोटुशी होती आणि अंगात रक्त नव्हतं, ओठ पांढरे पडलेले. मी "येशू" म्हटलं की म्हातारी पुटपुटे. एकदा जवळ जाऊन विचारलं, आजी, काय म्हणता?

"ईसा म्हणतंय," ती म्हणाली. "मरियमबीचा लेक. आमचापण हाय तो."

मला हे ठाऊक नव्हतं. मी मिसबाईंना सांगितलं. त्यांनी ते पुस्तकात वाचलेलं होतं, पण मिरकरवाड्यातल्या म्हातारीच्या तोंडी ते असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. म्हातारीने पुढे हेही सांगितलं, की तो मोठा नबी, पण देवाचा लेक नव्हे. देवाला लेक नसतो. मी तेही सांगितलं. मिसबाईंचा चेहरा जरा उतरला, पण त्यांनी विचारलं, तिचे नेमके शब्द काय होते? मी ते पुन्हा सांगितले.

त्यानंतर मला सवयच लागली. मुसलमान बायकांच्या धर्मातला काही शब्द आला की मी आधी नाखविणीला विचारी, आणि मिसबाईंच्या धर्मातला अडला तर मिसबाईंना. हिंदूंचं मात्र मला सगळं येतं असं मी समजत होते. वरच्या गावांतल्या बायकांशी बोलताना तेही खोटं ठरलं. त्यांचे गावऱ्हाटीचे, म्हणजे सगळ्या गावाने मिळून पुजायचे देव, त्यांची आज्ञा विचारायला लावायचे कौल, यातलं मला मांडवीत बसून काहीच माहीत नव्हतं. म्हणून तेही विचारू लागले.

असं बरंच सुरळीत चाललं होतं. थंडीच्या दिवसांत मिशनचे एक मोठे पाद्रीसाहेब दौऱ्यावर आले. वयस्कर, पांढरी दाढी. या मुलखात त्यांची बरीच वर्षं गेली होती. त्यांनी शाळा काढल्या होत्या, दुष्काळात अन्नछत्रं चालवली होती, हे मला मिसबाईंनी आदराने सांगितलं. येताना त्यांना आगबोट लागली होती आणि अंगात कणकण होती. तरी औषधाच्या वारी ते म्हणाले, आज मी बोलतो.

ते अंगणात उंडीखाली उभे राहिले. पुरुष समोर म्हणून मुसलमान बायकांनी पदर पुढे ओढून पाठ वळवली. मी पडवीच्या पायरीवर उभी राहिले. पहिली काही वाक्यं नेहमीसारखीच होती. मग त्यांचा आवाज चढला. दगडापुढे डोकं टेकणाऱ्याचं डोकंही शेवटी दगडाचं होतं, असं ते म्हणाले. त्यानंतर पाठ वळवून बसलेल्या बायकांकडे बोट करून त्यांच्या पैगंबरांबद्दल एक वाक्य बोलले. ते मी इथे लिहीत नाही. एकदा बोलावं लागलं तेवढं पुरे.

मी थांबले. त्यांना इंग्रजीत विचारलं, की हे मी तुम्ही म्हणालात तसंच सांगेन. तसंच सांगावं अशी तुमची इच्छा आहे ना? ते म्हणाले, अर्थातच, त्याचसाठी तुम्ही इथे आहात. मी मिसबाईंकडे बघितलं. त्या औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

मी सांगितलं. "साहेब म्हणतात" असं आधी जोडलं, जे मी एरवी जोडत नसे. बाकी एकही शब्द मवाळ केला नाही. मवाळ करावा असं फार वाटलं. केला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण मग बायकांना जे ऐकायला मिळालं असतं ते साहेबांचंही नसतं आणि माझंही नसतं. आणि त्या माणसाला वाटत राहिलं असतं, की आपण असं बोललो आणि बायका शांत बसल्या.

पडवीत हालचाल झाली. दोघीतिघी उठल्या. एकीने मुलाला काखोटीला मारलं आणि औषध न घेताच निघाली. वरच्या गावच्या बायका बसून राहिल्या, त्यांना परतायला गाडी संध्याकाळची होती. नाखवीण उठली नाही. पाठ वळवलेलीच ठेवून ती मला म्हणाली,

"बाय, तेला एक इचार. मी हितं सुनेच्या औषदाला आलंय. ह्या आयकल्याबिगर औषद मिळत नाय काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होती. न ऐकता निघालं तर सुनेचं औषध बुडेल का, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. मी ते साहेबांना तसंच, तितक्याच साध्या आवाजात सांगितलं.

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच मिसबाई उठल्या. त्या पडवीच्या कडेला आल्या आणि मला हाताने थांबवून स्वतः मराठीत बोलल्या. बायकांपुढे धर्माच्या वेळात त्या पहिल्यांदाच माझ्याशिवाय बोलत होत्या.

"औषध मिळते," त्या म्हणाल्या. "औषध आधी. ऐकायचे ते नंतर. नाही ऐकायचे, तरी औषध."

आणि त्यांनी नाखविणीच्या सुनेला आत बोलावलं.

त्या दिवशी संध्याकाळी पाद्रीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी शाल गुंडाळली होती आणि ते आजारी दिसत होते. त्यांनी विचारलं, त्या म्हातारीचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं सांगितलंत? मी म्हटलं, हो. मग ते म्हणाले, इतकी वर्षं मी या मुलखात दुभाष्यांमार्फत बोलतो आहे, पण समोरची माणसं परत काय बोलतात ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी जायला निघाले तेव्हा त्यांनी मानेनेच निरोप दिला. त्यांची मतं बदलली असतील असं मला वाटत नाही. दोन दिवसांनी आलेल्या आगबोटीने ते गेले.

साहेब गेले, पण त्यांचे शब्द माझ्या तोंडून निघाले होते आणि मी गावातच राहत होते. तीनचार दिवसांत शाळेच्या कमिटीकडे तक्रार गेली, की सरकारी शाळेतली मास्तरीण दवाखान्यात बसून देवांना दगड म्हणते. माझ्या वर्गातल्या दोन मुली यायच्या बंद झाल्या. बाजारात ओळखीच्या बायका माझ्याशी बोलताना इकडेतिकडे बघू लागल्या. आमच्या मोठ्या बाई सोवळ्याच्या, पोक्त, शिस्तीच्या. मला मिसबाईंकडे त्यांनीच धाडलं होतं, पण आता त्या म्हणाल्या, की मी भाषा शिकवायला सांगितलं होतं, दुसऱ्याच्या धर्माचं पाणी भरायला नव्हे.

मी म्हटलं, "बाई, मी काय बोलले ते तिथे बसलेल्यांना विचारा. मी स्वतः सांगितलं तर ते माझ्याच सोयीचं होईल."

त्यांनी खरोखरच विचारलं. त्यांच्या घरी भात पोचवायला येणारी एक कुळवाडी बाई त्या दिवशी पडवीत होती. पापी म्हटल्यावर चिडली होती तीच. मोठ्या बाईंनी तिला ओटीवर बसवून सगळं विचारलं, आणि नंतर कमिटीतल्या एका वकिलांसमोरही बोलावलं. ती काय बोलली ते मला मोठ्या बाईंकडूनच कळलं. ती म्हणाली होती, की वाईट बोलणं त्या म्हाताऱ्या साहेबाचं होतं, हिनं विचारून घेतलं आणि मग सांगितलं. आणि मुसलमानीण जे बोलली तेही हिनंच साहेबाला तोंडावर सांगितलं, त्यात घाबरून काही कमी केलं नाही. साहेबाचं आमाला सांगते आणि आमचं साहेबाला सांगते, मग ती कुणाच्या बाजूची?

वकिलांनी यावर काही लिहिलं नाही. कमिटीने निर्णय असा काहीच घेतला नाही. पुढच्या सभेत विषय आला नाही आणि तो तसाच विरून गेला. मोठ्या बाई मात्र माझ्याशी पुढे कितीतरी महिने कामापुरतंच बोलल्या. त्या दोन मुली शिमग्यानंतर परत आल्या.

घरी वडिलांना हे सगळं कळलं होतं. ते ओटीवर जाळं विणत बसले होते. मी विचारलं, बाबा, मी हे सोडू का? ते म्हणाले, "पडावात भरलेला माल तांडेलाचा नसतो. पण कुजका माल भरला तर वास त्याच्याच अंगाला येतो. तुझं तू बघ." शिमग्याला नवरा मुंबईहून आला. गावात पोचायच्या आधीच बोटीत त्याला कुणीतरी सगळं ऐकवलं होतं. तिसऱ्या दिवशी तो मिसबाईंच्या दवाखान्यासमोरून मला घेऊन फिरायला गेला, पडवीकडे बघून म्हणाला, इथेच का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, गोदीतसुद्धा गोरा साहेब शिव्या देतो आणि मुकादम त्या मराठीत सांगतो, पण मजूर काय म्हणतो ते मुकादम साहेबाला कधी सांगत नाही. एवढंच बोलणं झालं. पण मला ते पुरेसं होतं.

मी काम सोडलं नाही. पण मिसबाईंशी पुन्हा बोलले. आता नियम त्यांनीच केला होता: औषध आधी, बोलणं नंतर, आणि ज्याला बसायचं असेल त्याने बसायचं. मी त्यात एकच भर घातली. आपल्या धर्माबद्दल जे सांगायचं ते मोकळेपणाने सांगा, मी सांगेन. दुसऱ्याच्या धर्माबद्दल काही म्हणायचं असेल, तर आधी त्या धर्माच्या माणसाला विचारू, की हे असंच आहे ना. तो नाही म्हणाला तर ते वाक्य मी सांगणार नाही. मिसबाई म्हणाल्या, हे मला जड जाईल. पण बरोबर आहे.

आणि पडवी रिकामी झाली. औषध घेतलं की बायका उठून चालू लागत. सात समुद्र ओलांडून जे सांगायला ही बाई आली होती ते ऐकायला एखादी म्हातारी आणि गाडीची वाट बघणाऱ्या दोघीतिघी उरत, त्यांतली एक झोपलेली असे. मिसबाई बोलत आणि मी सांगे. एकदा त्या मला म्हणाल्या, की आधी पडवी भरलेली असायची ती माझ्या बोलण्याने नव्हती, हे कळायला इतके दिवस लागले. त्या रडल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी शिकवणी घेतली नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधी नाखविणीची सून दवाखान्यातच बाळंत झाली. फार अडली होती. मिसबाई रात्र आणि दुसरा अर्धा दिवस तिच्याजवळ होत्या. मुलगी झाली, दोघी वाचल्या. सुनेला थोडे दिवस ठेवून घेतलं होतं, म्हणून नाखवीणही तिथेच असे. एका दुपारी आम्ही सगळ्या पडवीत बसलो होतो. ती कुळवाडी बाई पाय सुजल्याचं दाखवायला आली होती. कुणी काही सांगत नव्हतं. नाखवीण नातीला मांडीवर घेऊन आपल्याशीच म्हणाली, मरियमबीलापण असाच त्रास झाला.

मिसबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तिला विचारा, तिच्याकडे ती गोष्ट कशी सांगतात?

नाखविणीने सांगितली. मरियमबी एकटी दूर निघून गेली. कळा सुरू झाल्या तेव्हा जवळ कुणी नव्हतं. एका खजुरीच्या झाडाला धरून ती बसली आणि म्हणाली, याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. तेव्हा आवाज आला, की रडू नको, पायाशी झरा वाहतोय, झाडाचं खोड हलव, पिकले खजूर पडतील, खा, पाणी पी. मी इंग्रजीत सांगत होते. एका ठिकाणी अडले. नाखवीण अल्ला म्हणत होती. इंग्रजीत देवाला असलेला शब्द वापरावा की तिचा? मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "तुजा देव, तिचा देव, माजा अल्ला, येकच हाय. पन तिला अल्लाच सांग. माजा सबुद हाय तो."

मी अल्लाच म्हटलं. मिसबाई मान खाली घालून ऐकत होत्या. आपल्या येशूच्या आईला अशा कळा आल्याचं त्यांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली: परगाव, धर्मशाळेत जागा नाही, गुरांचा गोठा, बाळ गव्हाणीत निजवलेलं. गोठा म्हटल्यावर कुळवाडी बाई सरसावून बसली. तिने दोन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या आणि विचारलं, "नाळ कुणी कापली?"

मी नाखविणीला विचारलं, तिला ठाऊक नव्हतं. मिसबाईंना विचारलं, त्यांनाही नव्हतं. मिसबाईंनी इतक्या बाळंतिणी सोडवल्या होत्या, पण त्यांच्या मनात हा प्रश्न कधी आला नव्हता. त्या हसू लागल्या आणि मग सगळ्याच हसलो. कुळवाडी बाईला आपण हसण्यासारखं काय बोललो ते कळेना. तिचा प्रश्न खरा होता.

त्यानंतर पडवी भरली असं नाही. पण बसणाऱ्या वाढल्या. मिसबाई त्यांचं सांगत, आणि मग कुणाला काही सांगायचं आहे का असं विचारत. कधी कुणी सांगे, कधी नाही. एखादी वरच्या गावची बाई गावदेवीच्या पालखीचं सांगे, आणि मिसबाईंना पालखी नाचवणं म्हणजे काय ते कळेपर्यंत मला घाम फुटे. वाद होत. देव एक असताना त्याचे इतके आकार कशाला, हे मिसबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पण तो प्रश्न त्या आता विचारत, सांगत नसत. माझ्या माहितीत त्या पडवीतून कुणी धर्म बदलला नाही. मिशनच्या वरच्या लोकांनी त्याबद्दल त्यांना विचारलं होतं म्हणे. त्यांनी उत्तर काय दिलं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एकोणीसशे तीसच्या सुमाराला मिसबाईंचं मराठी इतकं सुधारलं की दुभाष्याची गरज उरली नाही. त्यांच्या बोलण्यात मिरकरवाड्यातले शब्द आणि कुळवाड्यांचे हेल एकत्र झाले होते. मी तरी अधूनमधून जात असे. एखादा शब्द अडला की त्या मला विचारत, पण बहुतेक वेळा त्या ज्याचा शब्द त्यालाच विचारत.

नाखवीण वारली ती एका भाद्रपदात. वार्ता कळली तेव्हा मिसबाई शाळेत आल्या आणि म्हणाल्या, मला त्यांच्या घरी जायचं आहे, तुम्ही बरोबर याल का? वाटेत त्यांनी विचारलं, तिथे काय म्हणायचं असतं? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. आमच्याकडे जे म्हणतात ते तिथे चालेल की नाही, कुणास ठाऊक.

घर खाडीच्या तोंडाशी होतं. दारात पुरुष उभे होते, त्यांनी आम्हाला मागच्या दाराने आत नेलं. बायका चटईवर बसल्या होत्या. सुनेने आम्हाला बघितलं आणि ती उठून आली. मी हळूच विचारलं, ताई, तुमच्यात अशा वेळी काय बोलतात?

"काय नाय," ती म्हणाली. "बसा नुसत्या."

आम्ही चपला बाहेर काढल्या होत्या. मिसबाईंना जमिनीवर बसायची सवय झाली होती, तरी त्यांचे गुडघे आता दुखत, म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या. आत कुणीतरी धीम्या आवाजात कुराण वाचत होतं. सुनेची मुलगी येऊन मिसबाईंच्या शेजारी बसली आणि त्यांच्या हातातल्या रुमालाशी खेळू लागली. पावसाची एक सर येऊन गेली. बऱ्याच वेळाने सुनेने आम्हाला पाणी आणून दिलं, ते पिऊन आम्ही निघालो. बंदरापाशी आल्यावर मिसबाई म्हणाल्या, उद्या औषधाचा वार आहे, क्विनीन संपत आलंय, आजच मागवायला हवं होतं.